प्रसंगापुरती इंग्रजी : उपनगरांतील प्रौढवर्गांचा अनुभव

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे, संध्याकाळी भरणाऱ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गांविषयी जाहिरातींपलीकडे फारसे लिहिले गेलेले नाही. शाळेची रिकामी खोली, एखाद्या मंडळाचे सभागृह किंवा सोसायटीचे कार्यालय तासाच्या भाड्याने घेऊन चालणाऱ्या या वर्गांत येणारा विद्यार्थी बहुधा तिशी ओलांडलेला असतो, त्याचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते, इंग्रजी वर्तमानपत्राचे मथळे त्याला वाचता येतात, बँकेचा अर्ज तो भरू शकतो, परंतु समोरच्याने इंग्रजीत विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना त्याचा आवाज बसतो. प्रस्तुत लेखिकेने अशा वर्गांत अनेक वर्षे अध्यापन केले असून, रोजच्या व्यवहाराची इंग्रजी शब्दसंपत्ती प्रौढ माणसाच्या तोंडी कशी रुळते आणि कशाने अडते, याविषयी त्या काळात जे ध्यानात आले त्याची मांडणी येथे केली आहे.

या विद्यार्थ्यांची शालेय पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय त्यांची अडचण नीट उमगत नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालच्या जूनपासून सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीत सुरू होत असे. म्हणजे ज्यांनी २०१० च्या आधी दहावीची परीक्षा दिली, त्यांचा इंग्रजीशी रीतसर परिचय वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास झाला, आणि तोही फळ्यावरच्या वाक्याचा मराठी अर्थ वहीत उतरवून घेण्याच्या रूपाने. व्याकरण-भाषांतर पद्धती, म्हणजे परकी भाषा नियम आणि भाषांतर यांच्या आधारे शिकवण्याची रीत, मराठी समाजात खोल रुजलेली आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग कित्येक पिढ्यांनी याच रीतीने गिरवले आणि त्यातून उत्तम इंग्रजी लिहिणारी माणसे घडली, हे नाकारता येणार नाही. या पद्धतीने वाक्य तपासून घेण्याची सवय लागते. बोलताना मात्र तपासायला सवड नसते, आणि भर वर्गात चुकलेले वाक्य उभे राहून दुरुस्त करावे लागल्याची आठवण कित्येकांना पन्नाशीतही सोडत नाही.

वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना आपल्या इमारतीतले, स्थानकावरचे आणि स्वयंपाकघरातले इंग्रजी शब्द लिहून काढायला सांगण्याचा प्रघात पुढे पडला, तो एका निरीक्षणामुळे. ‘मला इंग्रजी अजिबात येत नाही’ असे सांगणारी व्यक्ती त्याच दमात फास्ट लोकल, इंडिकेटर, मेगाब्लॉक, पास, मेंटेनन्स, वॉचमन, लिफ्ट, कुकर, मिक्सर, गॅस, रिपोर्ट, ॲडमिशन असे शब्द सहज वापरत असे. भाषाशिक्षणात ओळखीचा शब्दसंग्रह आणि वापराचा शब्दसंग्रह असा भेद केला जातो. ऐकल्यावर किंवा वाचल्यावर ज्यांचा अर्थ कळतो ते शब्द पहिल्या प्रकारात येतात आणि गरज पडताच जे आपणहून तोंडी येतात ते दुसऱ्या. उपनगरातील मराठी माणसाकडे पहिल्या प्रकारचा साठा मोठा असतो, शिवाय त्यातले कित्येक शब्द त्याच्या मराठीत रोज वापरात असतात. अडते ते नामांच्या आगेमागे. ‘लिफ्ट’ येते, परंतु लिफ्ट बंद पडली आहे आणि आजी चौथ्या मजल्यावर अडकल्या आहेत, हे सांगणारे वाक्य येत नाही. काही शब्दांनी मराठीत येताना अर्थही बदललेला असतो: मुंबईत हॉटेल म्हणजे चहा-नाश्ता मिळण्याची जागा आणि ब्लॉक म्हणजे स्वतंत्र संडास-बाथरूम असलेले घर, हे परदेशातून आलेल्या पाहुण्याला ठाऊक नसते. तरीही या यादीचा लाभ मोठा होता, कारण रिकाम्या हाताने आलेला विद्यार्थी आपल्याच हाताने भरलेली दोन पाने घेऊन घरी जात असे.

आणखी एक गोष्ट या वर्गांत पुन्हापुन्हा दिसली. घाटकोपरच्या बाजारात वावरणारी मराठी गृहिणी हिंदी बोलते, गुजराती समजते, गावी गेल्यावर मालवणी किंवा वऱ्हाडी बोलते; यांपैकी हिंदी तिने शाळेत थोडीफार शिकलेली असली तरी बोलायला ती बाजारात, शेजारात आणि गाडीच्या डब्यात शिकलेली असते. तिची हिंदी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष नसते आणि त्याचे तिला काहीही वाटत नाही, कारण भाजीवाल्याशी बोलताना लिंग चुकले म्हणून तिची पत कमी होत नाही. इंग्रजीत मात्र एक प्रत्यय चुकला तर आपले शिक्षण, आपले घर, आपली शाळा या सर्वांविषयी समोरचा मत बनवील, अशी भीती तिला वाटते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. म्हणून या वर्गांतील अध्यापनाचा बराचसा भाग चूक स्वस्त करण्यात गेला: पहिल्या काही आठवड्यांत बोलणे मध्येच तोडून दुरुस्ती करायची नाही, आणि अर्थ पोहोचला असेल तर तसे स्पष्ट सांगायचे, हे दोन नियम कटाक्षाने पाळले गेले.

शब्द कोणते शिकवावेत, या प्रश्नाला भाषाशिक्षणाच्या शास्त्रात जुनी उत्तरे आहेत. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये बेसिक इंग्लिश या नावाने अवघ्या ८५० शब्दांची इंग्रजी मांडली. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि या वेस्ट यांची कारकीर्द बंगालमध्ये, ढाक्यात, शिक्षणक्षेत्रात घडली होती, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण भारतीय विद्यार्थ्याला मर्यादित शब्दांत वाचता यावे ही त्यांची कळकळ प्रत्यक्ष वर्गातून आलेली होती. या याद्या उपयोगी आहेत. तथापि संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाला वारंवारतेच्या क्रमाने शब्द दिले, तर ते त्याच्या आयुष्यातल्या कोणत्याही ठिकाणी जाऊन बसत नाहीत. म्हणून हळूहळू यादीची जागा प्रसंगाने घेतली. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात आपल्याला इंग्रजीत कोणाशी, कोठे आणि कशासाठी बोलावे लागणार आहे ते सांगायचे, आणि त्या एका बोलण्यापुरते शब्द, प्रश्न व उत्तरे वहीच्या एका पानावर जमवायची, असा क्रम ठरला. अशा पानावर सुटे शब्द थोडे आणि ठरीव वाक्खंड अधिक असत. ठरीव वाक्खंड म्हणजे जुळवत न बसता अखंड उचलून वापरायचे शब्दसमूह, जसे फोनवर ‘कॅन आय टेक अ मेसेज’ किंवा दुकानात ‘आय ॲम जस्ट लुकिंग’.

या पद्धतीचा खरा कस घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांच्या वर्गात लागला. बोरिवली आणि मुलुंड येथे वृद्ध आईवडील एकटे राहतात, मुले परदेशी असतात, आणि बारा तासांच्या पाळीवर एखादी मावशी त्यांची शुश्रूषा करते. तिला रात्री अमेरिकेतील सुनेला किंवा सकाळी डॉक्टरांना रुग्णाची अवस्था सांगावी लागते, आणि तिचे निरीक्षण अत्यंत बारकाईचे असते. कळ, ठणका, चमक, मुंग्या, ग्लानी, धाप, मळमळ, भोवळ हे सारे भेद तिच्या मराठीत असतात. इंग्रजीत आल्यावर त्या सर्वांचे एकच ‘पेन’ किंवा ‘वीकनेस’ होई आणि ऐकणाऱ्याला वाटे की या बाईला काही कळलेले नाही. अशा एका विद्यार्थिनीने आपण रोज काय पाहतो हे मराठीत सांगितले आणि वर्गाने मिळून त्याचे पान तयार केले: ठणक्यासाठी थ्रॉबिंग, चमकेसाठी शूटिंग पेन, मुंग्यांसाठी टिंग्लिंग, धापेसाठी ब्रेथलेसनेस. डॉक्टर मुख्यतः केव्हापासून, किती वेळा आणि किती, हे तीनच प्रश्न विचारतात, हे तिनेच लक्षात आणून दिले, आणि मग ‘सिन्स मॉर्निंग’, ‘एव्हरी टू अवर्स’, ‘हाफ अ ग्लास’ अशी उत्तरे पक्की करण्यात आली. भोवळीला मुंबईतले डॉक्टर गिडिनेस म्हणतात आणि जुलाबांना लूज मोशन; हे शब्द इंग्लंडमध्ये याच रीतीने वापरले जात नसले तरी ते येथे चूक ठरत नाहीत, कारण ज्याच्याशी बोलायचे आहे त्याला ते नेमके कळतात, आणि रुग्णाच्या उशाशी याहून मोठी कसोटी नाही. त्या वर्गातील स्त्रियांनी व्याकरण फार थोडे शिकले. परंतु आपण सांगितलेले लक्षण डॉक्टरांनी लिहून घेतले, हे कळल्यावर त्यांच्या बोलण्यात जो ठामपणा आला, तो कोणत्याही यादीने आला नसता.

अध्यापनाला खरे वळण मिळाले ते सौजन्याच्या प्रश्नावर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कार्यालयात स्वागतकक्ष सांभाळणारा एक विद्यार्थी अत्यंत नम्र होता, तरीही तो उद्धटपणे बोलतो अशी तक्रार त्याच्या वरिष्ठांकडे गेली आणि त्याचे कारण त्याला कळेना. मराठीत आदर क्रियापदातच वसलेला असतो. ‘फाइल द्या’, ‘इकडे बसा’, ‘जरा थांबाल का’ यांत द्या, बसा, थांबाल या रूपांनीच समोरच्याचा मान राखला जातो आणि वेगळे ‘कृपया’ बोलण्यात क्वचितच येते. हीच वाक्ये शब्दशः इंग्रजीत नेली की ‘गिव्ह मी द फाइल’, ‘सिट हिअर’, ‘वेट’ अशी होतात. बोलणाऱ्याच्या मनातला सगळा अदबीचा भाग वाटेत गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला निव्वळ हुकूम पोहोचतो. इंग्रजीत हे काम ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘मे आय’ यांसारखे प्रारंभ करतात. ही गोष्ट उलगडल्यावर त्या विद्यार्थ्याला नवा शब्द असा एकही शिकावा लागला नाही. पाच-सहा प्रारंभ पक्के केल्यावर त्याची सभ्यता इंग्रजीतही दिसू लागली. नकार देण्याचेही तसेच आहे. साहेब नाहीत, हे सांगताना ‘आय ॲम अफ्रेड’ का म्हणायचे, भीती कसली, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो, आणि तो योग्यच आहे. अशा वेळी येथे भीतीचा संबंध नसून दिलगिरीचा आहे, एवढे सांगून संपूर्ण वाक्खंड कानावर पडत राहील अशी व्यवस्था करणे अधिक हितकर ठरते. त्यानंतरच्या सर्व तुकड्यांत विनंती, नकार, दुरुस्ती आणि निरोप या चार गोष्टी शब्दसंग्रहाच्याही आधी शिकवल्या गेल्या.

छोट्या क्रियापदांचा प्रश्न याहून चिवट आहे. शाळेच्या पुस्तकांतून आलेल्या विद्यार्थ्याला पोस्टपोन, कॅन्सल, टॉलरेट हे शब्द माहीत असतात, परंतु रोजच्या बोलण्यात येणारे पुट ऑफ, कॉल ऑफ, पुट अप विथ ऐकले की तो गोंधळतो. ऑग्डेन यांच्या ८५० शब्दांत क्रियापदे अवघी अठरा होती, आणि गेट, पुट, टेक, गो यांसारख्या त्या क्रियापदांना दिशादर्शक शब्द जोडून बाकीचा भार उचलला जाई. मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट परकी वाटू नये, कारण टाकणे, घेणे, देणे, बसणे या क्रियापदांच्या जोडीने मराठीही असेच काम करते: ‘खाऊन घे’, ‘सांगून टाक’, ‘हरवून बसला’. संयुक्त क्रियापद म्हणून हा प्रकार व्याकरणात त्यांनी वाचलेलाही असतो. या साम्याची आठवण करून दिल्यावर भीती कमी होते. मात्र प्रत्यक्ष जोड्या ऐकून आणि वापरूनच येतात, आणि त्याला महिने लागतात.

स्मरणाच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की पाठ केलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते. उपनगरी माणसाला ही अंतरे लोकल आणि मेट्रो आपोआप मिळवून देतात. वहीचे एक पान जाताना, तेच पान येताना, आणि पुन्हा चार दिवसांनी, एवढे ज्यांनी केले त्यांना शब्द टिकवण्यासाठी वेगळी युक्ती लागली नाही. स्थानकांवरील घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकापाठोपाठ होतात. त्यांचा अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे इंग्रजी वाक्याची घडण ऐकायला कान मोकळा राहतो, आणि काहींनी त्यांचा उपयोग उच्चारासाठी उत्तम करून घेतला.

या वर्गांत येणारे सर्वजण शेवटपर्यंत टिकतात असे नाही. गणपती, नवरात्र, मुलांच्या परीक्षा आणि पावसाळ्यातील विस्कळीत गाड्या यांनी तुकडी निम्म्यावर येते. डब्यात चिकटवलेल्या जाहिराती महिन्याभरात फाडफाड इंग्रजीची हमी देतात, आणि ती हमी खरी मानून आलेला माणूस दुसऱ्या महिन्यात निराश होऊन जातो. त्याला पहिल्याच दिवशी काळाचा खरा हिशेब सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले घरी आईच्या उच्चारांना हसतात, हे दुःख अनेकींनी बोलून दाखवले. त्यांपैकी काहींनी मुलांकडूनच दररोज एक वाक्य शिकून घेण्याचा मार्ग काढला आणि काहींनी घरी इंग्रजी बोलायचेच नाही असे ठरवले. दोन्ही निर्णय समंजस होते. पालकसभेपुरती इंग्रजी आली की वर्ग सोडणाऱ्या माता पुष्कळ असतात, आणि त्यांना अर्धवट सोडून गेलेल्या म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्या कामासाठी त्या आल्या ते काम पूर्ण झालेले असते.

अलीकडच्या वर्षांत सर्वांत निकडीने येणारा विद्यार्थी साठीच्या आसपासचा आहे, आणि त्याला इंग्रजी हवी असते ती राहत्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी. गिरगाव-परळ सोडून बोरिवली किंवा मुलुंडला तीन-चार दशकांपूर्वी घर घेतलेल्या कुटुंबांच्या इमारती आता जुन्या झाल्या आहेत. विकासकाचा प्रस्ताव, कराराचा मसुदा, वास्तुविशारदाचा अहवाल हे सगळे बहुधा इंग्रजीत येते, आणि आयुष्यातील सर्वांत मोठ्या आर्थिक निर्णयावर ज्याला सही करायची आहे, तो सभासद सभेत गप्प बसतो. या मंडळींसाठी तयार झालेली पाने इतर सर्व पानांपेक्षा जाड झाली. कार्पेट एरिया म्हणजे केवळ गालिचा अंथरता येईल एवढी जागा, असे सर्वजण समजत. रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात त्याची व्याख्या घराचे निव्वळ वापरायोग्य क्षेत्र अशी आहे, त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरलेली नाही, परंतु आतल्या खोल्यांमधील भिंती धरलेल्या आहेत. बिल्ट-अप हा शब्द आल्यास आकडा मोठा दिसतो, म्हणून कोणते क्षेत्र, हा प्रश्न आधी विचारायचा. कॉर्पस म्हणजे वाढीव देखभाल-खर्च पेलावा यासाठी विकासकाने द्यावयाचा निधी. ट्रान्झिट रेंट म्हणजे बांधकामाच्या काळात बाहेर राहण्यासाठी मिळणारे भाडे, आणि ते ‘पझेशन’ मिळेपर्यंत की ‘ओसी’ मिळेपर्यंत, या एका शब्दाने महिन्यांचा फरक पडू शकतो, कारण ओसी म्हणजे महापालिकेने दिलेला भोगवटा दाखला असून ताबा त्याच्याशी जोडलेला आहे की नाही हे करार ठरवतो. आयओडी या अक्षरांनी तर सर्वांना कोड्यात टाकले: मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली दिल्या जाणाऱ्या या पत्राचे नाव अक्षरशः नामंजुरीची सूचना असे आहे, परंतु व्यवहारात ते अटींसह मिळालेल्या मंजुरीचे काम करते, आणि त्या अटी पुऱ्या केल्यावर बांधकाम सुरू करण्याचा सीसी हा दाखला मिळतो.

हे शब्द कळल्यावर सभासदांना बोलण्याची वाक्ये हवी होती, आणि येथे सौजन्याचे आधीचे पान पुन्हा उपयोगी पडले. ‘कुड यू प्लीज एक्स्प्लेन धिस क्लॉज’, ‘व्हेअर इज धिस रिटन’, ‘वी नीड टाइम टू रीड इट’ ही तीन वाक्ये वर्गात इतक्यांदा म्हणून घेतली गेली की ती सभेत न अडखळता निघावीत. राज्य सरकारने सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. सर्वसाधारण सभा, तिची सूचना, तिचे इतिवृत्त यांना त्यांत महत्त्व आहे, त्यामुळे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवला जाणे हे सभासदाच्या दृष्टीने बोलण्याइतकेच मोलाचे असते. वर्गातील एका निवृत्त कर्मचाऱ्याने आपल्या सोसायटीच्या सभेत मसुद्यातील ‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द कोणकोणत्या कलमांत आले आहेत ते मोजून दाखवले आणि प्रत्येक ठिकाणी भाडे किंवा क्षेत्र कशाच्या अधीन आहे हे विचारले. त्याची इंग्रजी वाक्ये छोटी होती आणि अर्धी बोलणी मराठीतच झाली. त्या सभेत सभासदांनी दोन गोष्टी ठरवल्या: सही करण्यापूर्वी संपूर्ण मसुद्याचा मराठी अनुवाद विकासकाने द्यावा, आणि दोन्ही भाषांतील प्रती वकिलाकडून ताडून घ्याव्यात. अनुवाद आला तेव्हा तो कलमागणिक मूळ इंग्रजीशी लावून वाचण्यासाठी त्या इमारतीतील सात-आठ जण एकत्र येऊन वर्गात दाखल झाले.